ओपन इलेक्टिव्ह: विज्ञानाचा पेपर घेऊ का?

प्रश्न: मॅडम, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय मराठी. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या पसंतीचा जादा विषय, दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यावा लागेल, असं कॉलेजात सांगितलं. गणिताच्या धास्तीने मी दहावीनंतर विज्ञान सोडलं. मैत्रिणी म्हणतात, कॉमर्समधला सोपा पेपर घे. घरचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, तासगाव तालुका

उत्तर: नियम तुला बरोबर सांगितलाय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्या राज्यात पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असतो. म्हणजे कॉमर्सही चालेल. तरी मी म्हणेन, विज्ञान घे. पर्यावरणाचा पेपर सगळ्यांनाच असतो, तो वेगळा. तो झाला म्हणजे विज्ञान झालं असं समजू नकोस.

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवलं. विज्ञान फक्त डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांचं, ही वाटणी आपण अकरावीच्या प्रवेशाला करून टाकतो. मला ती कधीच पटली नाही. तुझ्या घरचंच बघ. द्राक्षं वाळवायला शेडवर टाकण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. कशासाठी? द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. हे अल्कधर्मी द्रावण त्या थराची घट्ट वीण मोडतं, म्हणून माल पंधरवड्यात वाळतो. नाहीतर कितीतरी जास्त दिवस लागले असते. गंधकाची धुरी देतात तेव्हा सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि मणी काळपट पडायचा थांबतो. पण धुरी जास्त झाली तर तोच वायू मालात उरतो, आणि परदेशी खरेदीदार त्याची तपासणी करून घेतो. वडिलांना हाताच्या अंदाजाने प्रमाण कळतं. ते मोजायचं कसं, हे तुला कळलं तर घरच्या धंद्यात तुझ्या शब्दाला वजन येईल, हे मी अगदी मनापासून सांगते.

पावसाळ्यात इकडे प्रत्येक घरात विचारतात, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती? ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. कोयना धरणातून अमुक हजार क्युसेक सोडले, ही बातमी वाचून एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, एवढं ज्याला माहीत आहे तो व्हॉट्सॲपवरच्या अफवेने घाबरत नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुलीला तर हे यायलाच हवं. उद्या वर्तमानपत्रात गेलीस तर पुराची बातमी तुलाच लिहावी लागेल.

आता निवडीचं. पेपरच्या नावावर जाऊ नकोस. ऑफिसमध्ये नव्हे, विभागात जाऊन विचार, की यात प्रॅक्टिकल आहे का? क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक; थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. वेळ दुप्पट जातो, म्हणून मुली टाळतात. तू टाळू नकोस. नुसत्या नोट्सवर पास होता येणारा विज्ञानाचा पेपर घेण्यापेक्षा मग कॉमर्सचाच घे. अन्नातली भेसळ, माती-पाणी परीक्षण, रोजच्या वापरातलं रसायनशास्त्र, असं काही तुमच्याकडे असेल तर पहिली पसंती त्याला दे.

गणिताची धास्ती सोड. असल्या पेपरना टक्केवारी, गुणोत्तर आणि आलेख वाचता येणं पुरतं. दहावीचं गणिताचं पुस्तक घरात असेलच. त्यातला आलेखांचा भाग सुट्टीत एकदा सोडवून काढ.