आईंना घेऊन गोदापार्कला जायचंय तर एवढं बघून घ्या

नुकतेच नाशिकला शिफ्ट झालाय, आई दिवाळीनंतर राहायला येतायत, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी रोज सपाट जागी चालायला सांगितलंय, आणि मॅपवर आसारामबापू पुलापासून रामकुंडापर्यंत गोदावरीच्या काठाने हिरवी पट्टी दिसतेय तर तेवढं चालून होईल का, असं विचारलंय तुम्ही. मॅपवर होतं. आईंना घेऊन नका जाऊ तसं.

ती हिरवी पट्टी म्हणजे गोदापार्क, आणि तो एक सलग ट्रॅक आहे असं समजून गेलात तर वैतागाल. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांच्या हौसेने तुकड्यातुकड्यात झालेलं काम आहे ते, आणि वर नदी अधूनमधून येऊन सगळं तपासून जाते. 2008 चा पूर, मग 2016, मग 2019, आणि मधले छोटे तर कोणी मोजतही नाही. त्यामुळे एका ठिकाणी पेव्हर ब्लॉक एकदम मस्त, पुढे शंभर पावलांवर तेच ब्लॉक वर-खाली झालेले, आणि त्याच्या पुढे ट्रॅक संपून नुसती पायवाट. सरळ चांगल्या चालणाऱ्याला याने काही फरक पडत नाही पण गुडघेवाल्या माणसाचा पाय अर्ध्या इंचाच्या उंचवट्यावरच अडकतो. म्हणून माझं म्हणणं, एक तुकडा पकडा आणि तोच जाऊन-येऊन चाला. रामकुंड गाठायचंच हे डोक्यातून काढा, ते वेगळ्या दिवशी रिक्षाने.

कुठला तुकडा, तर आसारामबापू पुलाकडून खाली उतरून चोपडा लॉन्सच्या पुलाच्या दिशेने. पूर्ण जायची गरज नाही, जिथे पाय म्हणेल तिथून मागे फिरायचं. सुरुवात याच बाजूने करा हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नदी इथे साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. सकाळी उजाडता उजाडता निघालात तर ऊन वर येईपर्यंत जायचं अंतर झालेलं असतं आणि येताना सूर्य पाठीमागे. संध्याकाळीही तेच, जाताना ऊन पाठीवर आणि परतेपर्यंत ते उतरलेलं. उलट्या बाजूने गेलं की दोन्ही वेळेला एक फेरी डोळे बारीक करून चालावी लागते, आणि डोळ्यावर ऊन असलं की पायाखालचा ब्लॉक दिसत नाही, वयस्कर माणसं तिथेच अडखळतात.

तरी मी सकाळच सुचवेन. संध्याकाळी डास फार, विशेषतः जिथे पाणवेली साचलेल्या असतात तिथे, आणि सगळीकडे दिवे चालू असतीलच याची खात्री नाही. सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते, ओळखीची तोंडं होतात, कुत्रीही जरा आळसावलेली असतात. केटीएचएम कॉलेजच्या बोट क्लबची पोरं पाण्यात रोइंग करताना दिसली तर आईंना थांबून बघायला निमित्त मिळतं. पाण्याजवळ खंड्या, वंचक, पाणकावळे हमखास. पक्ष्यांची जास्तच आवड असेल तर मग निफाडकडे नांदूर मधमेश्वरला न्या हिवाळ्यात, राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ती, 2020 मध्ये तसं जाहीर झालं.

गुडघ्यांबद्दल अजून एक. त्रास सपाटीवर होत नाही, रस्त्यावरून ट्रॅकवर उतरताना होतो. उतार आणि पायऱ्या, त्यातही उतरताना. त्यामुळे आई यायच्या आधी तुम्ही एकटे एक चक्कर मारून या आणि कुठून कमी पायऱ्यांनी खाली जाता येतं, बसायला धड बाक कुठे आहे ते बघून ठेवा. टॉयलेटचा भरवसा धरू नका, घरून जाऊनच निघायचं. चपला नकोत, मागे पट्टा असलेलं किंवा सरळ स्पोर्ट्स शूज, साडीवर बूट घालायला लाजल्या तर त्यांना तिथे आणून दाखवा, निम्म्या काकू तशाच दिसतील.

दिवाळीनंतर म्हणालात म्हणून पावसाची काळजी कमी, पण मुक्काम लांबला तर जून ते ऑक्टोबर हे लक्षात ठेवा. शहरात थेंब नसतो आणि त्र्यंबक, आंबोली त्या भागात झोडपत असतो, तिकडून गंगापूर धरणात पाणी येतं आणि धरणातून विसर्ग सोडला की ट्रॅकचे खालचे भाग थेट पाण्यात. त्यामुळे आकाश बघून ठरवायचं नाही, बातमी बघून ठरवायचं, गंगापूरमधून किती क्युसेक पाणी सोडलंय आणि रामकुंडाजवळच्या होळकर पुलाखाली किती वाहतंय. विसर्ग वाढवणार असं वाचलं की त्या दिवशी कॉलनीतच चालायचं. जुने नाशिककर अजून विचारतात पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं, गुडघ्याला की कमरेला, पण मारुतीच्या पायाशी पाणी येईपर्यंत इकडचा ट्रॅक केव्हाच गेलेला असू शकतो. पाणी किती चढतं त्याचा अंदाज घ्यायचा तर पावसाळा संपल्यावर ट्रॅकवर उभं राहून वर बघा, फांद्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, साडीच्या चिंध्या, वाळलेल्या पाणवेलींचे जुडगे लटकलेले दिसतील, बऱ्याच ठिकाणी आपल्या डोक्याच्याही वर. आणि पाणी ओसरलं म्हणून लगेच जाऊ नका. मागे जो गाळ राहतो तो वरून वाळलेला दिसतो आणि खाली साबणासारखा असतो.

सोमेश्वरचा धबधबाही कोणीतरी सुचवेलच. देऊळ बघा, झाडी छान आहे, पण खडकांवर आईंना नेऊ नका, ओल्या काळ्या दगडावर धडधाकट पोरं घसरतात. नवश्या गणपतीला मात्र जरूर, आनंदवल्लीत नदीकाठीच आहे, चतुर्थी सोडून कधीही गेलात तर निवांत दर्शन होतं आणि चालण्यालाच जोडून घेता येईल.

राहिलं रामकुंड. तिथे काठ फरशीचा आहे, दिसायला सपाट, पण सतत ओला, पायऱ्या जागोजागी, भाविकांची गर्दी, आणि आता सिंहस्थाची कामं चालू असल्याने आज मोकळी असलेली वाट पुढच्या आठवड्यात खणलेली मिळू शकते. चालण्याची जागा नाही ती. नारोशंकराची घंटा, कपालेश्वर, काळाराम असं दाखवायचं असेल तर वेगळी सकाळ काढा. फक्त बुधवार नको, गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बाजार भरतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. आईंना भाजी निवडून घ्यायची हौस असेल तर मात्र बुधवारीच न्या, पिशव्या जास्त घ्या आणि त्या दिवसाचं चालणं तिथेच झालं समजा.