हुकूमशाही देशात आधी कायदा सुधारावा की आधी राजकारण?

'आधी कायद्याचं राज्य येऊ द्या, निवडणुकांचं नंतर बघू' असं म्हणणाऱ्यांत मला एक गोष्ट नेहमी राहून गेलेली दिसते. कायदा नेमका कोणाला बांधणार? व्यापाऱ्याला, तलाठ्याच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याला बांधणारा कायदा हुकूमशहालाही हवाच असतो. स्वतःला बांधणारा नको असतो. त्यामुळे सुरुवात कायद्यापासून जरूर करता येते, पण एका टप्प्यानंतर तोच प्रश्न राजकीय होतो.

इजिप्त बघा. राष्ट्रीयीकरणाच्या अनुभवाने भांडवल बिचकलं होतं, ते परत यावं म्हणून राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या काळात, १९७९ मध्ये, सर्वोच्च घटनात्मक न्यायालय उभं राहिलं. न्यायाधीशांना बरीच मोकळीक होती आणि त्यांनी ती वापरली. निवडणूक कायदे घटनाबाह्य ठरवल्यामुळे १९८७ आणि १९९० मध्ये संसद बरखास्त करावी लागली. २००० मध्ये त्यांनी सांगितलं की मतदानावर न्यायाधीशांचीच देखरेख हवी. इथे सादात यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांचा संयम संपला. ज्येष्ठ न्यायाधीशालाच न्यायालयाचा अध्यक्ष करण्याचा रिवाज मोडून २००१ मध्ये त्यांनी बाहेरचा माणूस आणून बसवला. २००७ च्या घटनादुरुस्तीने मतदानावरची ती देखरेखही गेली.

सिंगापूरने तर वेळच लावला नाही. डिसेंबर १९८८ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की स्थानबद्धतेच्या आदेशामागची कारणं आम्ही तपासू शकतो. जानेवारी १९८९ मध्ये घटना आणि कायदा दोन्ही बदलून तो दरवाजा बंद झाला.

मग कुठे जमलंच नाही का? चिलीत जमलं, आणि ते उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. लष्करी हुकूमशहा पिनोशे यांच्या राजवटीच्या स्वतःच्याच, १९८० च्या घटनेतून आलेल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने १९८५ मध्ये ठरवलं की पिनोशेंनी सत्तेत राहावं का यावरचं येणारं सार्वमत स्वतंत्र निवडणूक न्यायाधिकरणाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतं पिनोशेंच्या विरोधात पडली. पण हा निकाल टिकला कशामुळे? लष्करी मंडळात भूदल, नौदल, हवाई दल आणि पोलीस असे चार वाटेकरी होते. एकाने सगळं गिळू नये म्हणून बाकीच्यांनाही लेखी नियम हवे होते. मतमोजणीच्या रात्री हवाई दलप्रमुख मात्तेई यांनी 'नाही' पक्ष जिंकल्याचं पत्रकारांसमोर सांगून टाकलं, तेव्हा मागे फिरायची वाट जवळपास बंद झाली.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी आधी कायद्याचं पुस्तक उघडणार नाही. सत्तेत वाटेकरी किती, आणि न्यायाधीशाची नेमणूक-बदली कोणाच्या हातात, हे आधी बघेन. सत्ता एकाच मुठीत असेल तर न्यायालय फार तर खालच्या बाबूंना वठणीवर आणतं. तेही कमी नाही, हे मान्य. पकडलेल्या माणसाला वकील मिळणं ही त्याच्यापुरती मोठीच गोष्ट असते.

कायदा आधी आला की लिहिणाऱ्याच्या अटीही येतात, हे मात्र क्रम सुचवणारे फारसं बोलत नाहीत. इजिप्तमध्ये मुबारक गेल्यावर निवडून आलेलं कनिष्ठ सभागृह जून २०१२ मध्ये बरखास्त झालं ते याच घटनात्मक न्यायालयाच्या निकालामुळे. चिलीत लोकशाही १९९० ला परतली, पण पिनोशेंच्या घटनेतले, निवडून न येता नेमलेले सिनेटर (वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) हटवायला २००५ उजाडलं.