वाचकांचे प्रश्न : पाणी नसताना पाणी दाखवणारा मापक

प्रश्न : मी एका साखर कारखान्यात अनेक वर्षे बॉयलर अटेंडंट होतो. जपानमधील फुकुशिमाच्या अणुभट्टीत पाणी उरले नसतानाही मापक पाणी दाखवत होता, असे वाचले. आमच्या बॉयलरला साधी गेज ग्लास असते आणि पाणी डोळ्यांना दिसते. अणुभट्टीवर तशी काच का नसते, आणि मापक चुकला तो नेमका कशामुळे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपण बॉयलरवर काम केले आहे, त्यामुळे उत्तराचा अर्धा भाग आपल्याला आधीच ठाऊक आहे. गेज ग्लासचा वाफेकडचा कॉक (काचनळीला बॉयलरच्या ड्रमशी जोडणारी वरची तोटी) तुंबला, तर काचेतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, काच वरपर्यंत भरते आणि ड्रममधले पाणी उतरलेले असतानाही ती भरलेलीच दिसते. म्हणूनच पाळीच्या सुरुवातीला कॉक उघडून काच झटकण्याची शिस्त असते. काचेत जे दिसते ते काचेतले पाणी असते. ड्रममध्येही तेवढेच आहे हे आपण गृहीत धरतो, आणि दोन्ही कॉक मोकळे असतील तरच ते गृहीत खरे ठरते.

अणुभट्टीच्या दाबपात्राला, म्हणजे ज्यात इंधन पाण्यात बुडालेले असते त्या पात्राला, काच लावता येत नाही. ते जाड पोलादाचे असून आतला दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट असतो, आणि किरणोत्सर्गामुळे माणूस त्याच्याजवळ उभा राहू शकत नाही. त्यामुळे तिथे पाणी पाहत नाहीत, तोलतात. पात्राच्या वरच्या भागातून एक नळी निघते. तिच्या माथ्यावरच्या छोट्या भांड्यात वाफ थंड होऊन पाणी होते, जास्तीचे पाणी पात्रात परत जाते आणि नळी कायम काठोकाठ भरलेली राहते. ही झाली संदर्भनळी. दुसरी नळी पात्राच्या खालच्या भागाला जोडलेली असते आणि तिच्यातला दाब पात्रातल्या पाण्याच्या उंचीप्रमाणे बदलतो. या दोन दाबांमधला फरक हे उपकरण मोजते. फरक मोठा असेल तर पात्रात पाणी कमी, फरक लहान असेल तर पाणी जास्त, असा त्याचा सरळ हिशेब आहे. या सगळ्या हिशेबामागे संदर्भनळी भरलेली आहे हे एकच गृहीत असते.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. पाऊण तासाच्या सुमारास त्सुनामीच्या लाटा फुकुशिमा दाइइची या अणुवीज केंद्रावर धडकल्या आणि पहिल्या क्रमांकाच्या अणुभट्टीची वीज गेली. बॅटऱ्यांचीही वीज गेल्याने नियंत्रण कक्षातले काटे मेले. पावणेपाचच्या सुमारास काही मिनिटांपुरता मापक जागा झाला आणि त्यात पातळी घसरताना दिसली. तासाभरात पाणी इंधनाच्या माथ्याशी येईल, असा अंदाजही तेव्हा केंद्रावरच्या आपत्कालीन कक्षात बांधला गेला होता. दुर्दैवाने तो धागा पुढे कोणी धरून ठेवला नाही. रात्री ९ वाजून १९ मिनिटांनी तात्पुरत्या बॅटऱ्या जोडून मापक पुन्हा चालू केला, तेव्हा पाणी इंधनाच्या माथ्यापेक्षा २० सेंटिमीटर वर असल्याचे दिसले. दहा वाजता तोच आकडा ५५ सेंटिमीटरवर गेला. प्रत्यक्षात, नंतर केलेल्या गणितांनुसार, इंधन संध्याकाळीच उघडे पडून वितळण्याच्या मार्गाला लागले होते.

पाणी घटत असताना आकडा वाढला तो कसा? थंड करण्याची व्यवस्था बंद पडल्यावर पात्राभोवतीच्या कवचातली हवा प्रचंड तापली, आणि तिथूनच जाणाऱ्या संदर्भनळीतले पाणी उकळून वाफ होऊ लागले. १० मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब, असे ढोबळमानाने धरा. संदर्भनळीतले १ मीटर पाणी उडाले, की दोन नळ्यांमधला फरक तेवढ्याने कमी होतो आणि उपकरण पात्रातली पातळी जवळजवळ १ मीटरने वाढवून सांगते. वजनकाट्याच्या एका पारड्यातले माप कोणी गुपचूप काढून घ्यावे, तसाच हा प्रकार झाला. उपकरणाचा एकही भाग तुटलेला नव्हता. माझ्या मते या घटनेतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, कारण हा दोष नेमका धीर देणाऱ्या बाजूला झुकतो.

त्या रात्री अधिकाऱ्यांना संशय आला तो दुसऱ्याच आकड्यामुळे. ११ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास कवचाच्या आतला दाब मोजता आला, आणि तो रचनेच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त निघाला. पाणी जागेवर असते तर एवढा दाब चढला नसता. मध्यरात्र उलटताच केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनी वाफ बाहेर सोडण्याची तयारी करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी हायड्रोजनच्या स्फोटात इमारतीचा वरचा भाग उडाला.

त्यानंतरही मापक आठवडेच्या आठवडे माथ्याच्या सुमारे १.६ ते १.७ मीटर खाली, असा जवळपास एकच आकडा देत राहिला. पातळी खालच्या जोडाच्याही खाली गेली, की पुढची घसरण कळायला या उपकरणाला मार्गच उरत नाही. मे महिन्यात कामगारांनी इमारतीत शिरून मापकाचे मापन तपासले, तेव्हा पाणी माथ्यापासून ५ मीटरपेक्षाही खाली असल्याचे उघड झाले. इंधनकांड्या सुमारे ४ मीटर लांबीच्या होत्या. म्हणजे मूळ जागी काही उरले असलेच, तर तेही पाण्यात नव्हते.

प्रश्न : हा दोष आधी कोणाच्या लक्षात आला नव्हता का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : त्याचा एक भाऊबंद आला होता. १९९२-९३ मध्ये अमेरिकेत फुकुशिमाच्याच जातीच्या, म्हणजे पात्रातच पाणी उकळून वाफ करणाऱ्या ‘उकळत्या पाण्याच्या’ अणुभट्ट्यांच्या संदर्भनळीत विरघळलेले वायू साचतात आणि दाब एकदम उतरला की सोड्याच्या बाटलीसारखे फसफसून नळीतले पाणी बाहेर ढकलतात, असे दिसून आले. तिथल्या अणुनियामक आयोगाने १९९३ मध्ये सुधारणा करायला लावली, आणि नळीत सतत थोडे थोडे स्वच्छ पाणी सोडण्याची व्यवस्था बसवली गेली. मात्र तो उपाय वायूंवरचा होता; कवचच तापले तर काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या २८ मार्च १९७९ च्या अपघाताची गोष्ट वेगळी होती. तिथला मापक खोटे बोलत नव्हता. तो अणुभट्टीला जोडलेल्या वेगळ्या दाबनियामक टाकीतले पाणी दाखवत होता आणि कर्मचाऱ्यांनी त्यावरून गाभ्यातल्या, म्हणजे इंधनाभोवतीच्या, पाण्याचा अंदाज बांधला. एक झडप उघडीच अडकलेली असताना त्यांनी आत येणारे आपत्कालीन पाणी कमी केले. त्यानंतर थ्री माइल आयलंडच्या प्रकारच्या अनेक अणुभट्ट्यांमध्ये तापवलेले तापमापक बसवण्यात आले. असा तापमापक पाण्यात असला की गार राहतो आणि वाफेत उघडा पडला की तापतो. त्याला संदर्भनळी लागत नाही.

प्रश्न : तारापूरला हेच मापक आहेत का? (एक वाचक, पालघर)

उत्तर : तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमाची पहिली अणुभट्टी पुरवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिक याच अमेरिकन कंपनीच्या आणि त्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत, त्यामुळे आपला प्रश्न रास्त आहे. संदर्भनळीचे तत्त्व या साऱ्या जातीला लागू पडते. २०११ नंतर देशातल्या सर्व अणुवीज केंद्रांची फेरतपासणी झाली आणि बाहेरून पाणी आत सोडण्यासाठी जोड बसवण्यात आले. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत जड पाणी आडव्या नळ्यांमधून इंधनाभोवती फिरते, म्हणून तिथे एका मोठ्या पात्रातल्या पातळीवरून इंधन बुडाले आहे की नाही हे ठरवण्याची वेळच येत नाही.