येवल्याजवळ शेतावर साधेपणाने राहतोय. घरापुरता ससा-तितर धरला तर चालतं का?

नाही, घरापुरता असला तरी गुन्हाच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये खायला की विकायला असा भेद नाही. बंदूकच लागते असंही नाही: बांधावर तारेचा फास लावणं, जाळं टाकणं, घरट्यातली अंडी उचलणं, सगळं शिकारीतच मोडतं. त्यात तुमच्याकडे ममदापूरच्या राखीव वनातली काळवीटं रात्री शेतात उतरतात आणि फास काही ससा बघून आवळत नाही. काळवीट अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळे किमान ३ वर्षं कैद.

शेतकऱ्यासाठी एक अपवाद आहे: रानडुकरासारखा प्राणी उभं पीक नासवत असेल, तर वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. मांसच हवं असेल तर सरळ गावरान कोंबड्या पाळा.