यागो करतोयस ना? मग हे ऐक

अरे, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातली यागोची भूमिका मिळालीय ना? मग आधी त्या भुवया उडवणं बंद कर. 'ऑथेल्लो'त सगळे त्याला प्रामाणिक समजतात. तू पहिल्यापासून खलनायक दिसलास तर त्याच्यावर विश्वास ठेवणारा सेनापती ऑथेल्लो मूर्ख ठरतो. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश नीट वाच. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ यांच्यात काही आहे, असा आरोप यागो सुरुवातीला करतच नाही. कॅसिओ निघून जाताना नुसतं पुटपुटतो, मग ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नासारखे त्याला परत करतो. तिथे घाई नको. संशय समोरच्याच्याच तोंडून बाहेर पडू दे. डेस्डेमोनाचा रुमाल तर आपसूक पडतो, यागोची बायको एमिलिया तो उचलून त्याला आणून देते. (त्यावरची स्ट्रॉबेरीची नक्षी मागच्या रांगेला दिसायला हवी, नाटकाचं सामान बघणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याला आत्ताच सांग.) आणि गो. ब. देवलांचा 'झुंझारराव', म्हणजे 'ऑथेल्लो'चं मराठी रूपांतर, मिळाला तर मोठ्याने वाच, मराठी वळण जिभेवर बसेल.