अनुवादाला बसण्याआधी
अनुवादकांच्या संघटनेत आलीस, बरं केलंस. वडोदऱ्यात वाढलीस, गुजराती कानात मुरलेली आहे, तेव्हा भाषा तुला जड जाणार नाही. घोळ होतो तो कागदपत्रांत. आवडलेल्या कथेला हात घालण्याआधी लेखकाची लेखी परवानगी घे. तो हयात नसेल तर वारसांची, कारण हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. चहा पिताना दिलेला होकार पुस्तक छापताना कुणाला आठवत नाही! तुझ्या अनुवादावरचा हक्क मात्र तू लिहून देईपर्यंत तुझाच. करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं दिसलं की सही करू नकोस. ई-बुक, ऑडिओचं वेगळं लिहून माग. मुखपृष्ठावर नावही. मानधनावरून एकटी भांडत बसू नकोस, मसुदा घेऊन आमच्यापैकी कुणालाही गाठ. वर्गणी त्यासाठीच तर भरतो.