'अश्लील बदनामी', पण कोणाची?

प्रश्न असा आहे: रॅडक्लिफ हॉल या इंग्रज लेखिकेवरच्या एका मराठी लेखात '१९२८ साली तिच्या कादंबरीवर अश्लील बदनामीचा खटला झाला' असं वाक्य आहे. मूळ शब्द 'ऑब्सीन लायबल'. मग या कादंबरीने बदनामी कोणाची केली होती?

कोणाचीच नाही. भाषांतरकाराने कोशात 'लायबल' पाहिलं, समोर 'अब्रुनुकसानी, बदनामी' दिसलं, आणि तेच उचललं. पण इथलं 'लायबल' त्या अर्थाचं नाही. लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे पुस्तक आणि 'लिबेलुस' म्हणजे छोटं पुस्तक, पत्रक. बदनामी करणाऱ्या पत्रकाला 'लिबेलुस फामोसुस' म्हणत. पुढे विशेषण गळलं आणि त्याचा अर्थ एकट्या नामाला चिकटला. आपल्याकडे 'वास' या शब्दाचं हेच झालंय. मूळ अर्थ नुसता गंध, पण 'तुझ्या डब्याला वास येतोय' म्हटल्यावर डबा कोणी हुंगायला मागत नाही. इंग्रजी कायद्याच्या भाषेत मात्र 'लिखित, छापील गोष्ट' हा जुना अर्थ टिकून राहिला. राजद्रोही लायबल, धर्मनिंदक लायबल, अश्लील लायबल ही सगळी त्याच घरातली मंडळी.

या खटल्याच्या निकालातच त्याचा पुरावा आहे. १६ नोव्हेंबर १९२८ रोजी लंडनच्या बो स्ट्रीट कोर्टात मॅजिस्ट्रेट चार्टर्स बायरन यांनी 'हे पुस्तक ऑब्सीन लायबल आहे' असा निर्णय दिला. पुस्तकात आहे असं नव्हे, पुस्तकच आहे. पुस्तक बदनामी करू शकतं, पुस्तक बदनामी असत नाही. वाक्याचं व्याकरणच आपल्याला अडवतं.

हॉलबाईंना मित्रमंडळी 'जॉन' म्हणत. उना ट्रुब्रिज या जोडीदारणीबरोबर त्या उघडपणे राहत. 'अ‍ॅडम्स ब्रीड' या आधीच्या कादंबरीला दोन मानाचे पुरस्कार मिळाले होते, म्हणजे नाव झालेलं होतं. खटल्यातली कादंबरी 'द वेल ऑफ लोनलिनेस' जुलै १९२८ मध्ये जोनाथन केप यांनी काढली. नायिका स्टीफन गॉर्डन स्त्रियांवर प्रेम करते आणि समाजाकडे जगण्याचा हक्क मागते, एवढाच गुन्हा. महिनाही उलटला नाही तोच 'संडे एक्स्प्रेस'च्या संपादकाने लिहिलं की, निरोगी मुलामुलीच्या हाती ही कादंबरी देण्यापेक्षा मी प्रुसिक अ‍ॅसिड या जहाल विषाची कुपी देईन. गृहमंत्र्यांच्या दबावाने प्रकाशकाने कादंबरी मागे घेतली, पण छपाईचे साचे गुपचूप पॅरिसला पाठवले. तिथे छापलेल्या प्रती इंग्लंडात आल्या आणि जप्त झाल्या.

खटला अश्लील प्रकाशनांबद्दलच्या १८५७च्या कायद्याखाली होता आणि त्यात आरोपी लेखिका नव्हतीच. प्रती नष्ट का करू नयेत, एवढंच विचारायचं. त्यामुळे तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही जागा नव्हती. निकालाच्या वेळी ती न राहवून 'माझा निषेध आहे' असं म्हणाली तेव्हा तिला गप्प बसायला सांगितलं. साक्षीला आलेल्या नामवंत लेखकांचं मतही ऐकून घेतलं नाही, कारण वाङ्मयीन गुण हा बचाव होत नाही! कसोटी १८६८च्या हिक्लिन खटल्यातली होती: वाचणाऱ्याचं मन बिघडण्याकडे लिखाणाचा कल आहे का?

आता 'अश्लील'कडे. हा शब्द 'अश्रील', म्हणजे श्री नसलेलं, यावरून आला. 'र'चा 'ल' झाला. काव्यशास्त्रात अश्लील हा दोष आहे आणि त्याचे तीन प्रकार मानतात: लाज आणणारा, किळस आणणारा, अमंगळ सुचवणारा. त्या मापाने ही कादंबरी तपासली तर काय सापडतं? सगळ्यात धीट वाक्य 'आणि त्या रात्री त्या विलग झाल्या नाहीत' इतकंच. म्हणजे आपले काव्यशास्त्रकार बायरनसाहेबांपेक्षा जरा सैलच म्हणायचे. पण कायद्यातलं 'अश्लील' वेगळं. ते शब्दापेक्षा वाचकाच्या मनावर काय होईल याचा हिशोब करतं. आपल्या तेव्हाच्या दंडसंहितेतल्या २९२व्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली, मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात, तीच हिक्लिन कसोटी थोडी तासून लावली. थेट २०१४मध्ये ती बाजूला ठेवली.

मग भाषांतर काय करावं? माझं मत 'अश्लील मजकूर'. 'मजकूर' हा मूळचा अरबी, 'उल्लेखिलेला' या अर्थाचा. जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं गाव. आज तो लिखाण या अर्थी रुळलाय आणि पोलिसांच्या 'आक्षेपार्ह मजकूर'मुळे त्याला हवी तेवढी कोर्टाची धूळही लागली आहे. चित्रांबद्दल बोलायचं असेल तर तो अपुरा पडेल, तिथे 'अश्लील साहित्य' चालेल. त्या लेखातलं वाक्य मी असं करीन: 'तिची कादंबरी अश्लील मजकूर ठरवून प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला.' डिसेंबरात अपीलही फेटाळलं गेलं. न्यूयॉर्कच्या कोर्टाने एप्रिल १९२९मध्ये पुस्तक निर्दोष ठरवलं. इंग्लंडात ते पुन्हा निघालं १९४९ साली, हॉलबाई जाऊन सहा वर्षं झाल्यावर.